ब्युनॉस आयर्सवाले काका

आमच्या सोसायटीत परदेश पाहून आलेले पैशाला पासरी आहेत. त्यातले युरोपवाले तसे निरुपद्रवी. स्वित्झर्लंडचा बर्फ दाखवतात आणि सोडून देतात. खरी धास्ती ब्युनॉस आयर्सवाल्या काकांची. लेकीची बदली झाली म्हणून तिकडे गेले, ते परत आले फक्त देहाने. मनगटावरचं घड्याळ अजून साडेआठ तास मागेच चालतं. रविवारी दुपारी दीडला जिन्यात गाठ पडली, तर "तिकडे आत्ता पहाटेचे पाच. टँगो आटोपून लोक आता घरी निघाले असतील," असं डोळे मिटून सांगतात. स्वतः साडेनऊला झोपतात.

विषय कोणताही काढा. मेट्रोचं नाव निघालं की "आमच्याकडची १९१३ सालची!" लॅटिन अमेरिकेतली ती पहिली भुयारी रेल्वे, हे खरंच आहे. तिचे जुने लाकडी डबे २०१३ मध्ये काढले. काका पोचले त्याच्या कितीतरी नंतर; पण हळहळतात असे, की जणू पासच होता. तिथला 'नऊ जुलै' नावाचा हमरस्ता एका सिग्नलमध्ये पार होत नाही, हे तर ते हॉलमध्ये चालून दाखवतात. टीपॉय म्हणजे दुभाजक. तिथे थांबायचं, डावीकडचा ओबेलिस्क बघायचा (टीव्हीच्या जागी, उंची ६७ मीटर), मग पुढे.

तिथल्या एका १९१९ सालच्या नाट्यगृहात आता पुस्तकांचं दुकान आहे, रंगमंचावर कॅफे, आणि बॉक्समध्ये बसून खुशाल वाचा, कोणी उठवत नाही. हे सांगताना मात्र काकांचा आवाज खाली येतो, आणि इथे मीही त्यांच्याच बाजूचा. नाट्यगृह गेलंच तर असं जावं! टागोर १९२४ मध्ये पेरूला निघाले आणि वाटेत आजारी पडून तिथल्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंच्या पाहुणचारात राहिले, हेही काका अशा थाटात सांगतात, की नाडी यांनीच पाहिली असावी.

पण सगळ्यात मोठं संकट म्हणजे माते हे तिकडचं पेय. भोपळ्याच्या वाडग्यात हिरवा पाला ठासायचा, न उकळलेलं गरम पाणी घालायचं, धातूच्या नळीने ओढायचं आणि वाडगा शेजाऱ्याकडे द्यायचा. नळी सगळ्यांची एकच! जन्मभर भांडं ओठांना न लावता वरून पाणी पिणारा हा गृहस्थ तिकडच्या पालेर्मो भागातल्या बागेत परक्या माणसांची उष्टी नळी चोखून आला आणि त्यालाच बंधुभाव म्हणू लागला. काकूंनी तो वाडगा स्वयंपाकघरात येऊ दिलेला नाही. तो चपलांच्या स्टँडवर असतो.

पाहुणा आला की वाडगा फिरतो. चव कडू जहर. नळी हलवायची नाही, तोंड वाकडं करायचं नाही, आणि "ग्रासियास" म्हणजे "पुरे", ते म्हणेपर्यंत वाडगा भरून पुन्हा पुढ्यात येतो. हा नियम काकांनीच भोळेपणाने सांगून टाकला आणि दोन दिवसांत सोसायटीभर झाला. आता वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळे उंबऱ्यातच "ग्रासियास काका!" म्हणून मोकळे होतात.

काका काकूंना आत हाक मारून सांगतात, "बघ, बघ! स्पॅनिश शिकायला लागले लोक."