सिंकखालचा वाकडेपणा

आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही, तो सासरच्यांना येतो. आमच्या साताऱ्यातल्या, यादोगोपाळ पेठेतल्या स्वयंपाकघराचा वास सांगलीहून आलेल्या सासूबाईंना चपला काढता काढताच आला. "अंडी खायला लागलात का हो, जावईबापू?" घरात पिढ्यान्‌पिढ्या अंडं आलेलं नाही. बायकोनं घाईघाईनं सांगितलं, "अगं, सिंकचा वास आहे तो." हे ऐकून त्यांचा चेहरा आणखीच उतरला. अंडी एक वेळ चालली असती.

सर्दी आणि सिंक यांवर औषध न सांगणारा सातारकर अजून जन्माला यायचाय. आत्यानं जाळीवर डांबराच्या गोळ्या ठेवल्या. त्यानं वास गेला नाही, वर कपाटातल्या पैठणीचा वास मात्र येऊ लागला. शेजारच्या काकांनी लिंबाची सालं कोंबली, तीच पुढं अडकून बसली. वरच्या मजल्यावरच्या काकू खायचा सोडा आणि व्हिनेगर घेऊन आल्या. सोडा टाकला, व्हिनेगर ओतलं, फसफस फेस आला आणि सगळे "अहाहा!" म्हणाले. आता सोडा म्हणजे अल्क आणि व्हिनेगर म्हणजे आम्ल. दोघं एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड वर उडून जातो आणि खाली उरतं ते खारट पाणी. आमच्या गणेश मंडळाच्या वर्गणीच्या बैठकीसारखंच. फेसानं वरचा थोडाफार मळ हलतो, नाही असं नाही. पण तेवढं काम गरम पाणी आणि भांड्यांचा साबणही करतो. पाणी गरमच घ्यावं, खदखदतं नको. प्लास्टिकचा पाइप त्यानं मऊ पडतो.

मग सांगलीहून बायकोचे मामा आले. मामांची हयात हळदीच्या अडतीत गेलेली. सांगलीजवळच्या हरिपुरात हळद साठवायची ती जमिनीखालच्या पेवांत. पेव उघडलं की कुणी लगेच खाली उतरत नाही, कारण आतली हवा जीव घेते. आधी कंदील सोडून बघायचा. विझला तर थांबायचं. २००५ च्या पुरात त्यातली कित्येक पेवं गेली, पण मामांचा कंदिलावरचा विश्वास काही बुडाला नाही. सिंकखालच्या कपाटात डोकं घालण्याआधी त्यांनी पेटती मेणबत्ती मागितली. शेजारीच गॅसचं सिलिंडर उभं होतं, म्हणून बायकोनं धावत येऊन ती फुंकली. मामा गंभीरपणे म्हणाले, "बघा, विझली! गॅसच आहे."

गंमत म्हणजे मामांचं निदान बरोबर होतं. नंतर आलेल्या प्लंबरनं सिंककडं बघितलंसुद्धा नाही. तो थेट खाली बसला, जमिनीतल्या भोकात खुपसलेला नागमोडी पाइप आणि त्याभोवती कोंबलेलं फडकं उपसलं आणि म्हणाला, "साहेब, ह्याला वाक कुठाय? गटारातली हवा सरळ घरात." सिंकखालच्या नळीला वाक असला की त्यात थोडं पाणी कायम थांबतं आणि तेच खालच्या हवेला दार लावतं. घर बंद करून गावाला गेलं की उन्हाळ्यात हे पाणी आटतं आणि परतल्यावर घर घाण मारतं. त्यावर औषध म्हणजे दोन तांबे पाणी. ही वाकडी नळी संडासाला जोडून तिचं पेटंट घेतलं १७७५ साली, लंडनमधल्या अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीनं. त्याच साली आपले राघोबादादा इंग्रजांशी सुरतेचा तह करत होते. वाकडेपणा दोन्हीकडं, एकाचा निदान उपयोग झाला.

काढलेला पाइप प्लंबरनं अंगणात उभा चिरून दाखवला. त्याच्या घडीघडीत बोटभर राखाडी लोणी साचलेलं, त्यात काळ्या मोहऱ्या, कढीपत्त्याचं एक अख्खं पान, खोबऱ्याचा चोथा, आणि कडेनं हळदीची पिवळी रेघ. मामांनी ती रेघ नखानं खरवडून बघितली आणि "सांगलीची हाय," असा निर्वाळा दिला. तेलातुपाच्या असल्या थराखाली हवा पोचत नाही. तिथले जिवाणू कांदा, लसूण, डाळी यांतल्या गंधकाचा हायड्रोजन सल्फाइड करतात, आणि सडक्या अंड्याला जो वास असतो तो याच वायूचा. म्हणजे सासूबाईंचं नाकही बरोबरच होतं. बिनबुडाचे होते ते फक्त आमच्यावरचे आरोप.

प्लंबरनं बाटलीसारखा ट्रॅप बसवला, भोकाभोवती रबरी बूच बसवलं. त्या ट्रॅपची खालची वाटी हातानं फिरवून निघते. अधूनमधून ती काढून धुवायची, एवढंच काम. हे काम घरात कुणाचं, यावर चर्चा चालू आहे.

वास गेल्याचं सासूबाईंना फोन करून सांगितलं. त्यांनी विचारलं, "गेला तो कुठं गेला?"

भूगोल माझा आवडता विषय. मी सांगितलं, आमचं पाणी ओढ्यानं वेण्णेला, वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कृष्णा पुढं कऱ्हाडवरून...

"म्हणजे आमच्याकडंच की!"

तेव्हापासून सांगलीहून फोन आला की सासूबाई आधी लेकीची खुशाली विचारत नाहीत. "काल भाजी कसली केली होती?" असं विचारतात.