रोडगे : ओव्हन नसलेल्या नवशिक्यांसाठी

साहित्य : जाडसर दळलेली गव्हाची कणीक, ओवा, मीठ, तेल, टोपलंभर गोवऱ्या आणि चार सल्लागार. सल्लागारांना निमंत्रण लागत नाही. वावरात धूर दिसला की ते आपसूक येतात.

मोहन घालून कणीक घट्ट मळा. किती घट्ट, हे विचारू नका. चार जण चार उत्तरं देतील. मग तीन-चार पोळ्या लाटा. एकीवर तेल फासा, कोरडी कणीक भुरभुरा, दुसरी ठेवा, पुन्हा तेच. शेवटी सगळ्यात मोठ्या पोळीत बाकीच्या गुंडाळून गोळा वळा. डॅनिश पेस्ट्रीवाले हेच काम लोणी घालून करतात आणि ते वितळू नये म्हणून पीठ मधूनमधून थंडीत ठेवतात. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. तिथे त्यांनी एकदा येऊन लाटून दाखवावं. आपल्या तेलाला असले नखरे नाहीत. तरी रोडग्यांचा मोसम हिवाळाच, कारण विस्तवापाशी बसायला माणूस राजी हवा.

आता विस्तव. इथे नवशिका हमखास घाई करतो. गोवऱ्या पेटल्या की त्याला वाटतं, झालं. जाळ असताना रोडगे टाकले तर वरून कोळसा आणि आतून कच्ची कणीक. जाळ बसू द्या, धूर सरू द्या, निखारे लाल होऊ द्या. मगच रोडगे मांडा, चिमट्यानं फिरवत राहा, आणि सगळीकडून डाग पडले की गरम राखेत पुरा. या वेळात पहिला सल्लागार म्हणेल, “काढ ना बे आता!” काढू नका. कवचाला तडे गेले की रोडगा स्वतःच कळवतो.

काढल्यावर पोत्यात घालून झटका, म्हणजे राख निघते. सगळी निघत नाही, आणि ती निघावी असा आग्रह फक्त पुण्याचे पाहुणे धरतात. रोडगा दोन्ही हातांनी फोडा : आतले थर सुटे होतात, वाफ बोटांना चटका देते, आणि त्या फटीत तूप ओतलं की क्षणात दिसेनासं होतं. आणखी ओता. सोबत वरण आणि आलू-वांग्याची झणझणीत भाजी, वरून मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर.

शंका उरलीच तर बहिरमला जा. अमरावती जिल्ह्यात, चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरच्या विशीपासून जानेवारी सरत येईपर्यंत जत्रा भरते. हंडीतलं मटण आणि रोडगे खायलाच अर्धी गर्दी येते, देवदर्शन ओघानं होतं. रोडगा आणि देव यांचा व्यवहार जुनाच. एकनाथांच्या भारुडातली सून सासरची माणसं एकेक करून वाटेतून दूर व्हावीत म्हणून भवानीला रोडगाच कबूल करते. एवढ्या मोठ्या कामाला एक रोडगा म्हणजे सौदा स्वस्तातच पडला; देवीनं तूप वेगळं मागितलं असावं.

उरलेले रोडगे दुसऱ्या दिवशी कुस्करून गूळ-तूप घालून खा. सल्लागारांना मात्र संपले म्हणून सांगा.