निशाणी नांगर

माणसाने चित्रकार व्हावे की न व्हावे हा प्रश्न वादग्रस्त असला, तरी झालाच तर चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, त्याची ठसठशीत सही असावी याविषयी माझ्या मनात बालपणापासून तिळमात्र संदेह उत्पन्न झालेला नाही. शाळकरी वयात दिलेल्या चित्रकलेच्या परीक्षेत वस्तुचित्राखाली नावाऐवजी बैठक क्रमांक घालावा लागला, आणि त्यात मिळालेल्या श्रेणीचे खापर मी अद्यापही त्या निनावीपणावरच फोडीत आलो आहे. सबब पेन टॅबलेट नामक काळ्या फळीच्या खोक्यावर ‘दाबाच्या ८१९२ पातळ्या’ हा मजकूर वाचताच तिच्या खरेदीचा ठराव माझ्या अंतःकरणात एकमताने संमत झाला. ज्या हाताला आमच्या उभ्या चारठाणा गावात कोणी ‘बरा’ याहून वरची पायरी दिली नव्हती, त्याच्या लहरींची आठ हजारांहून अधिक श्रेणींत विगतवारी लावणारा गुणग्राहक कुरियरने घरपोच यावा, हे भाग्य थोडके नव्हे.

फळी आणि संगणक यांच्यात दुभाष्याचे काम करणारा ड्रायव्हर नीट बसेपर्यंत पेनाच्या दाबाची दखल कोणी घेत नाही; आणि दुसऱ्या कंपनीचा जुना ड्रायव्हर आधीच ठाण मांडून बसलेला असला, तर दोघांत वतनाचा तंटा माजतो तो वेगळाच. पुढे फळीच्या लांबीरुंदीचे प्रमाण पडद्याच्या प्रमाणाशी जुळवावे लागते, नाहीतर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर अंडाकृती होते. मी ते यथासांग जुळवले. वर्तुळ अंडाकृतीच राहिले. तेव्हा यंत्र निर्दोष ठरून चौकशीची दिशा बदलली. हात मेजावर, नजर पडद्यावर, आणि आपण नेमके कोठे आहोत याचा पत्ता कोठेच नाही, अशा अवस्थेत काढलेल्या रेषेला सावरून घेण्याची सोयही ‘क्रिटा’ या मोफत चित्रप्रणालीत आहे. तिच्यातला स्टॅबिलायझर चालू करताच माझी थरथरती रेघ एखाद्या सिद्धहस्ताची वाटू लागली, आणि ती मुळात कशी होती हे विसरण्यास मला फारसे प्रयास पडले नाहीत.

या विद्येचा पूर्वेतिहासही मी घरातल्यांस न विचारता सांगितला. अमेरिकेतील ‘रँड’ संस्थेने १९६४ साली अशी फळी सिद्ध केली, तिचा चौरस दहा इंचांचा होता, इत्यादी. माझ्या फळीच्या पेनात बॅटरी नसते. फळीतून निघणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरींवरच पेनातील वेटोळे जागे होते आणि आपण कोठे टेकलो, किती जोराने टेकलो, हे फळीस कळवते. या ज्ञानाचा पुढे माझ्यावरच प्रयोग होणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

पहिले चित्र गावातल्या यादवकालीन कोरीव स्तंभाचे काढावे असे ठरले. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. नावाबद्दल मतभेद असले तरी उंचीबद्दल नाहीत. दगडात इतके काम करून ठेवणाऱ्याचे नाव त्यावर मला तरी कोठे आढळले नाही, आणि त्याच्या या निष्काळजीपणाचे मला मनस्वी आश्चर्य वाटते. माझ्या चित्रात स्तंभ अर्धाच उभा राहिला आहे. सही मात्र पूर्ण आहे.

सहीचा विषय निघालाच आहे तर जरा विस्ताराने बोलणे प्राप्त आहे. ‘दीपावली’च्या मुखपृष्ठावर दीनानाथ दलालांची सही पाहूनच दिवाळी आली असे मानणारी वाचकांची एक पिढी होऊन गेली; पण मला याहून जुन्या सह्यांचे वेड आहे. मराठेशाहीतल्या महजर नामक निवाडपत्रांवर आणि करारपत्रांवर, ज्याला अक्षर येत नसे तो इसम आपल्या व्यवसायाचे हत्यार चितारी किंवा कारकुनाकडून काढवून घेई, व त्यापुढे ‘निशाणी’ असे लिहिले जाई. पाटलाचा नांगर, परटाची मोगरी, न्हाव्याचा आरसा. दप्तरात बांधून ठेवलेल्या त्या दस्तऐवजांतून सबंध गाव आपापल्या हत्यारानिशी हजर असलेला दिसतो. वतनाचा निवाडा तोलून धरण्याचे सामर्थ्य ज्या बोटभर नांगरात होते, त्याच्यापुढे आमच्या लफ्फेदार सह्यांची काय मातब्बरी! माणसाची ओळख त्याच्या कामाने पटत असे आणि सरकारही ती मान्य करीत असे. मग माझी निशाणी कोणती असती, याचा मी पुष्कळ विचार केला. आरामखुर्चीपलीकडे मजल गेली नाही.

नांगर मागे पडून अंगठा पुढे आला, तो साहेबाच्या अमदानीत. बंगालमध्ये विल्यम हर्शेल नावाच्या अंमलदाराने १८५८ साली एका ठेकेदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला, आणि पुढे हा प्रकार साऱ्या दुनियेत रूढ झाला. आता आमच्या काकूंचे रेशनचे धान्य त्याच ठशावर अवलंबून आहे. त्यांचे आयुष्य खुरपणीत आणि कापूसवेचणीत गेले. अंगठ्यावरच्या रेषा त्या कामात झिजून सपाट झाल्या. दुकानातल्या यंत्रावर त्या अंगठा पुसून लावतात, ओला करून लावतात, दुसऱ्या हाताचा लावतात, आणि मागची रांग चुळबुळू लागली की खाली मान घालून बाजूला होतात. तजविजी दुसऱ्याही आहेत असे सांगतात; परंतु त्या सांगणाऱ्याच्या सवडीने चालतात. जिने जन्मभर काम केले तिची ओळख पटत नाही, आणि न पटण्याचे कारण ते कामच आहे, या गोष्टीचा मला जो संताप येतो त्याच्या पातळ्या मोजू शकेल असे यंत्र अद्याप निघालेले नाही.

मी सहीचे वळण घोटीत बसलो असता काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. “काय करायलास रे बाबा?” असे म्हणत त्यांनी सवयीने फळीवर अंगठा टेकवला, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “ह्याच्यात बी उठंना की!”

मी त्यांना वेटोळे, लहरी व रँड संस्था समजावून दिली. ही फळी कोणाच्याच बोटास जुमानत नाही, तिला फक्त तिचे पेन कळते, असे मी सांगितले, त्यात सांत्वनाचा हेतू होता.

“म्हंजी तुला बी वळखत न्हाई?”

तत्त्वतः नाही, हे मला कबूल करावे लागले. त्या ८१९२ पातळ्या पेनाच्या होत्या. मी केवळ ते धरीत होतो.

यावर काकूंनी पेन मागून घेतले, खुरप्यासारखे मुठीत धरले आणि अर्ध्या स्तंभावरून एक रेघ ओढली. ड्रायव्हरच्या खिडकीतला दाबाचा पट्टा, जो माझ्या हाती कधी निम्म्यावर गेला नव्हता, तो काठोकाठ भरला. “हळू काकू, निब झिजेल,” मी म्हणालो. “डब्यात दुसऱ्या हायत की,” त्या म्हणाल्या, आणि आणखी एक ओढली.

त्या रेघा मी पुसलेल्या नाहीत. पडल्या त्या सर्वांत वरच्या लेयरवर पडल्या असून माझी सही त्यांच्याखाली अर्धवट झाकली गेली आहे. सहीचा लेयर वर घेणे हे एका टिचकीचे काम आहे. आणि ते मी कधीच करणार नाही, अशी हमी या लेखाखाली सही ठोकूनही मला देता येणार नाही.