टक्का घ्या, माप राहू द्या

आपल्याकडे अपंग माणसाचा टक्का मोजण्यात कुणी हयगय करत नाही. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आणि लाभांसाठी ४० टक्क्यांची रेघ आखली. ३९ निघाले तर गडी कोरडाच परत. पाय तोच, लंगडणं तेच, पण एका टक्क्याने नापास. शाळेत निदान ग्रेस मार्क तरी असतात.

टक्का ठरला की कार्ड मिळतं. त्याचं नाव स्वावलंबन कार्ड. त्याच्या तपासणीला जाताना दोन माणसं बरोबर न्यावीत, एक जिना चढवायला आणि दुसरा रांगेत उभा राहायला. मग आधार, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, आणि अपंगत्व स्पष्ट दिसेल असा फोटो. पासपोर्टला चेहरा सरळ लागतो. इथे पाय वाकडा दिसावा लागतो. एवढं जमवलं की माणूस लाभार्थी होतो आणि साहित्य वाटपाच्या शिबिराला जायला मोकळा होतो.

आमच्या शेजारच्या वहिनी अशाच लाभार्थी झाल्या. त्या शिवणकाम करतात. पाठीच्या कण्याला मार बसल्यापासून पाय चालत नाहीत, म्हणून मशीनला मोटर लावून घेतली आहे आणि तिचं पेडल टेबलावर ठेवून त्या कोपराने दाबतात. अख्ख्या आळीचे ब्लाउज त्या कोपरावर शिवून होतात. शिबिरात त्यांचं नाव पुकारलं गेलं, व्हीलचेअर पुढे आली, मान्यवर पुढे आले, फोटोग्राफर सगळ्यांच्या पुढे आला. खुर्चीच्या पाठीच्या रेक्झिनवर मान्यवरांचा हसरा चेहरा छापलेला होता. म्हणजे मान्यवर एकाच वेळी खुर्चीच्या मागेही उभे होते आणि खुर्चीवरही.

वहिनींनी पिशवीतून टेप काढली. बसायची जागा १८ इंच. ही बहुधा आपली राष्ट्रीय कंबर असावी, कारण शिबिरातल्या झाडून सगळ्या खुर्च्या १८ इंचीच होत्या. वहिनींचं माप १४.

“पंधराची आहे का हो?” वहिनींनी विचारलं.

“अहो वहिनी, ऐसपैस मिळतेय की! बसा मोकळ्या.”

“तीन इंच सैल ब्लाउज दिला तर गिऱ्हाईक माझ्या तोंडावर फेकेल.”

“ते विकतचं असतं,” कार्यकर्ता म्हणाला.

या कार्यकर्त्याला पुढेमागे तिकीट मिळायला हरकत नाही. गरजूंना साधनं देण्याची केंद्राची ‘एडिप’ योजना १९८१ सालची. तिच्यामागचं सगळं अध्यात्म त्याने तीन शब्दांत सांगितलं. फुकटच्या वस्तूला माप नसतं, फक्त नग असतात.

मापाचं शास्त्र खरं तर अवघड नाही. कमरेच्या रुंदीपेक्षा इंचभर जास्त बैठक, गुडघ्यामागे दोनेक बोटं जागा, पावलं टेकतील अशी पायपट्टी. बैठक सैल झाली की माणूस एका कुशीवर कलतो, कणा वाकतो, चाक ढकलायला हात फाकवावे लागतात आणि खांदे जातात. कमरेखाली संवेदना नसेल तर चुकीच्या बैठकीने जखम होते ती कळतही नाही, आणि मग महिनोन्‌महिने पालथं पडून राहावं लागतं. यावर उपाय म्हणजे पुढच्या शिबिरात वॉटरबेड.

शिवाय दार. १८ इंची बैठक, बाहेरून चाकं आणि हाताची कडी धरून खुर्ची भरते २५-२६ इंच. वहिनींच्या न्हाणीघराचं दार दोन फुटी. म्हणजे खुर्ची मिळूनही न्हाणीच्या दारापासून पुढे त्यांना नवऱ्यानेच उचलायचं. मान्यवरांच्या भाषणात मात्र त्या त्याच दिवशी स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या होत्या.

शेवटी त्या सर्जिकल दुकानात गेल्या. दुकानदाराने नवऱ्याला विचारलं, “पेशंट कोण?” मग, “पेशंटला किती दिवसांसाठी पाहिजे? भाड्याने पण देतो.” वहिनी म्हणाल्या, “जन्मभरासाठी.” त्याने पुन्हा नवऱ्याकडे पाहून डिपॉझिट सांगितलं. २०१७ साली जीएसटी आला तेव्हा व्हीलचेअरही ५ टक्क्यांच्या यादीत बसवली होती. चालणाऱ्याच्या पायावर अजून कर नाही, ही सूचना मी इथे फुकट देतो आहे.

मापाची खुर्ची देशात होतच नाही, असंही नाही. आयआयटी मद्रासच्या मंडळींनी २०२०मध्ये ‘निओफ्लाय’ नावाची, माणसाच्या मापाने जुळवून देणारी खुर्ची बाजारात आणली. त्याच्या कितीतरी आधी जयपूरला रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी रबराचं पाऊल घडवलं, ते आपली माणसं उकिडवी बसतात, मांडी घालतात, चिखलात अनवाणी उतरतात हे बघून. विलायती पावलाला आधी बूट चढवावा लागे. अर्थात त्यांच्या या खटाटोपात एक उणीव राहिली. पायावर फोटो छापायला जागा नाही.

बरं, खुर्ची मापाची मिळाली, तरी जायचं कुठे? रॅम्पचा नियम एकास बारा. दीड फूट चढायचं तर अठरा फूट उतार हवा. आमच्याकडच्या एका बँकेने तो पाच फुटांत उरकला आहे, वर गुळगुळीत ग्रॅनाइट. तो चढायला तानाजींची घोरपडच हवी. रॅम्पच्या तोंडाशी शिपायाची मोटरसायकल असते आणि कठड्याला कुंड्या. सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ला सुरू झालं. सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ला सरकारला सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते शिफारशीवजा नकोत, तीन महिन्यांत सक्तीचे करा. कुंड्यांना अजून नोटीस पोचलेली दिसत नाही. पाणी मात्र रोज घातलं जातं.

वहिनी काही न्यायालयात गेल्या नाहीत. त्या कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेल्या. त्याच्याकडून शिबिरातल्याच खुर्चीखालच्या कैचीचे पाइप कापून घेतले, वेल्डिंग करून घेतलं. बैठकीचं आणि पाठीचं रेक्झिन उसवून स्वतः तीन इंच आत घेतलं, दुहेरी टीप मारली. आता खुर्ची न्हाणीत जाते आणि नवरा वेळेवर कामाला जातो.

मागच्या आठवड्यात कार्यकर्ता आला. शिबिराचे फोटो हलले होते, म्हणून लाभार्थींनी साहित्यासह पुन्हा एकदा उपस्थित राहावं, असा निरोप होता. बोलताबोलता तो खुर्चीच्या मागे गेला आणि थबकला. पाठीच्या रेक्झिनवर मान्यवरांचं अर्धं हसू, एक डोळा आणि नाक एवढंच शिल्लक होतं.

“वहिनी, साहेबांचा कान कुठे गेला?”

“शिवणीत गेला,” वहिनी म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूचा गालही गेलाय. आणखी अर्धा इंच घ्यायचा विचार आहे.”