बाहेरगावचा सामना

हुडकेश्वरहून मुंबईला निघालेल्या फुटबॉल संघाचा पहिला सामना रेल्वे आरक्षणाशी असतो. कूपरेज मैदान रेल्वेने सुमारे 840 किलोमीटर दूर. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण 60 दिवस आधी खुले होते. सामन्याची तारीख मात्र आठवडाभर आधी कळली तरी नशीब. उरते तत्काळ: स्लीपरसाठी आदल्या दिवशी सकाळी 11 वाजता. एका तिकिटावर चारच प्रवासी, म्हणजे अकरा जणांची तीन तिकिटे. व्यूहरचना इथेच ठरते: गोलरक्षक एस-2 मध्ये, बचावफळी एस-5 मध्ये, आक्रमण प्रतीक्षा यादीत. रात्रभर चेंडूंची जाळी उशाला, ओले मोजे खिडकीला. सकाळी मुंबईत उतरल्यावर मान आखडलेला संघ मैदानात उतरतो. हरल्यास कारण ठरलेले: सराव कमी पडला.