मने जिंकणाऱ्यांची गुणतालिका

आंतरराष्ट्रीय क्रिकेट स्पर्धा तोंडावर आली की ‘यंदा धक्का कोण देणार’ या विषयावर जाणकारांच्या लेखण्या सरसावतात. धक्का म्हणजे मानांकनात बराच खाली असलेल्या संघाने वरच्या संघाला हरवणे. पूर्वी धक्का बसल्याचे सामना संपल्यावर कळत असे. आता धक्का देणाऱ्याचे नाव, मैदान आणि तारीख आगाऊ जाहीर होते, आणि तरीही धक्का बसला की सर्वांत आधी हेच जाणकार हादरतात. या लेखनात एक वाक्य हमखास असते, ते म्हणजे ‘हा संघ सामने हरेल, पण मने जिंकेल.’ प्रस्तुत विवेचन या एका वाक्यापुरतेच मर्यादित आहे.

या वाक्याचा ग्रामीण अवतार महाड-पोलादपूर पट्ट्यात अभ्यासता येतो. वीर, दासगाव, टोळ या बाजूला भातकापणी उरकून शेते सुकली की टेनिस चेंडूच्या स्पर्धांचे पेव फुटते. त्यांच्या फलकावर प्रथम व द्वितीय क्रमांक, मालिकावीर, उत्कृष्ट फलंदाज, उत्कृष्ट गोलंदाज यांच्या खाली, मान्यवरांच्या छायाचित्रांतून जागा उरलीच तर, ‘शिस्तबद्ध संघ’ अशी एक ओळ असते. शिस्तबद्ध संघ म्हणजे जो वेळेवर येतो, प्रवेश फी रोख भरतो, एकसारखे टी-शर्ट घालतो, पंचांशी हुज्जत घालत नाही आणि पहिल्याच फेरीत हरतो. शेवटची अट नियमावलीत लिहिलेली नसते. परंतु जिंकू लागलेला संघ वाइडवरून तोंड उघडू लागतो आणि तोंड उघडणारा संघ शिस्तीत बसत नाही, त्यामुळे ती आपोआप पाळली जाते. लॉट पाडताना, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी हे चिठ्ठ्यांनी ठरवताना, अशा संघाच्या वाट्याला सकाळचा पहिला सामना येतो, जेव्हा फक्कीच्या रेषा दवाने भिजलेल्या असतात आणि समालोचक अजून माइकमध्ये ‘हॅलो, हॅलो’ करीत असतो. यजमान संघाकडे मात्र ‘बाय’, म्हणजे न खेळताच पुढची फेरी, चिठ्ठीच्या रूपाने स्वतःहून चालत येते.

जागतिक क्रिकेटने ही पद्धत वीरकडून उचलली की वीरने जागतिक क्रिकेटकडून, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. २९ फेब्रुवारी १९९६ रोजी, म्हणजे चार वर्षांतून एकदा उगवणाऱ्या तारखेला, पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर पहिलाच विश्वचषक खेळणाऱ्या केनियाने १६६ धावा केल्या आणि दोनदा जगज्जेत्या ठरलेल्या वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले. केनियाने मने जिंकली. उपांत्य फेरीत मात्र वेस्ट इंडीज गेला. २००३ मध्ये केनिया स्वतः उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा मने पुन्हा जिंकली गेली. २०११ नंतर हा संघ विश्वचषकात दिसलेला नाही, आणि २०१४ मध्ये त्याचा एकदिवसीय सामन्यांचा अधिकृत दर्जाही गेला. घरची भांडणे त्याला कारण होतीच, नाही असे नाही. पण घरची भांडणे कोणत्या मोठ्या संघात नसतात, आणि त्यापायी त्यांच्यापैकी कोणाचा दर्जा काढून घेतला गेला आहे?

२००७ च्या विश्वचषकात १७ मार्च या एकाच दिवशी बांगलादेशाने भारताला आणि आयर्लंडने पाकिस्तानला हरवले, आणि पुढे दोन्ही मोठे संघ पहिल्याच फेरीत गारद झाले. तेव्हा १६ संघ होते आणि गट चार-चारांचे, त्यामुळे एक धक्का खुर्ची हलवायला पुरेसा होता. २०११ मध्ये संघ १४ झाले आणि गट सात-सातांचे, म्हणजे मोठ्या संघाने एकदा मार खाल्ला तरी सावरायला पाच सामने शिल्लक. तरीही आयर्लंडने बेंगळुरूत इंग्लंडच्या ३२७ धावा पार केल्याच. मग २०१९ मध्ये संघ दहावर आले, प्रत्येकाला साखळीत नऊ सामने मिळाले, आणि दोनच वर्षांपूर्वी कसोटीचा दर्जा मिळालेला आयर्लंड घरी बसला. दुबळ्यांनी मोठ्यांना घरी पाठवू नये यासाठी दुबळ्यांनाच घराबाहेर पडू न देणे, हा उपाय ज्यांना सुचला त्यांना नियोजनकार म्हणण्याचा प्रघात आहे. महाडकडे सावित्री नदीकाठी अशा माणसाला वेगळे काही म्हणतात आणि ते तोंडावर म्हणतात. चोर सोडून संन्याशाला फाशी दिल्यावर संन्याशाच्या साधेपणावर भावपूर्ण लेख लिहिण्याला खेळाविषयीचे प्रेम म्हणत नाहीत, निलाजरेपणा म्हणतात. इतके करूनही धक्के थांबले नाहीत हे वेगळेच, कारण २०२३ मध्ये पात्रता फेरीत स्कॉटलंडकडून हरल्यामुळे वेस्ट इंडीज मुख्य स्पर्धेलाच मुकला, आणि मुख्य स्पर्धेत अफगाणिस्तानने इंग्लंडला व नेदरलँड्सने दक्षिण आफ्रिकेला लागोपाठच्या तीन दिवसांत हरवले. २०२७ साठी पुन्हा १४ संघ ठरले आहेत, म्हणजे बारा वर्षे दार बंद ठेवून तेच दार उघडण्यात येत आहे, आणि त्याला खेळाचा विस्तार असे नाव आहे.

मने जिंकण्याला खरोखरच मोल असेल, तर ते तालिकेत दिसले पाहिजे. गुणतालिकेत खेळलेले, जिंकलेले, हरलेले, गुण आणि नेट रन रेट, म्हणजे षटकामागे केलेल्या व दिलेल्या धावांतील फरक, असे रकाने असतात. ‘मने’ हा रकाना नसतो. तो तातडीने घालावा. प्रत्येक हृदयस्पर्शी पराभवास दोन मने द्यावीत, अखेरच्या षटकातील पराभवास तीन, आणि पावसामुळे सामना वाहून गेल्यास एकेक मन वाटून घ्यावे. विजयाबद्दल मने कापावीत, कारण आजवरचा व्यवहार तसाच आहे. दोन संघांची मने समान झाल्यास ज्याच्या कर्णधाराने पत्रकार परिषदेत ‘खूप शिकायला मिळाले’ हे वाक्य अधिक वेळा उच्चारले, तो वरचा मानावा. या तालिकेत पहिल्या आलेल्या संघाला पुढील स्पर्धेची पात्रता फेरी पुन्हा खेळावी लागेल, हे सांगणे नलगे.

राहिला प्रश्न चषक प्रदान करण्याचा. वीरकडच्या बक्षीस समारंभात शिस्तबद्ध संघाचा चषक आकाराने सर्वांत लहान म्हणून सर्वांत आधी पुकारला जातो, आणि तो घ्यायला बहुधा कोणीच नसते, कारण सकाळी नऊला हरलेला संघ दुपारच्या एसटीने गावी गेलेला असतो. मग समालोचक माइक बाजूला धरून कर्णधाराला फोन लावतो आणि पलीकडून उत्तर येते, “ठेवा तुमच्याकडंच. पुढच्या वर्षी परत आम्हालाच द्यायचाय ना!”