मे महिन्याला हात लावू नका

मध्य प्रदेशात शाळेचं वर्ष १ एप्रिलला सुरू होतं. महिनाभर वर्ग भरतात, मग १ मे ते १५ जून सुट्टी. सगळे मिळून ४६ दिवस. आता त्यावरही लोकांचा डोळा आहे. परवा मनावरात एका लग्नाच्या पंगतीत तेच चाललं होतं. इतके दिवस पोरं घरी बसून शिकलेलं विसरतात, परदेशात बारमाही शाळा असतात, आपल्याकडेही हव्यात. हे बोलणाऱ्यांनी मे महिन्यात दुपारी एक वाजता पत्र्याच्या वर्गात पाऊण तास बसावं आणि मग बोलावं.

मनावर निमाडात आहे, विंध्याच्या खाली, मान नदीच्या काठी. आमचं जिल्ह्याचं गाव धार वर माळव्याच्या पठारावर. तिथे संध्याकाळी वारा सुटतो. आमच्याकडे मेमध्ये पारा ४४-४५ला टेकतो आणि रात्री नऊलाही भिंतीला हात लावला तर गरम लागते. जिल्हा एक, हवा दोन, आणि सुट्टीचा आदेश भोपाळहून एकच. शेजारच्या महाराष्ट्राने निदान एवढं तरी मानलं. २०२५ मध्ये तिथे बाकीच्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि विदर्भातल्या २३ जूनला.

बारमाही शाळेचं म्हणाल, तर अमेरिकेत जिथे ती आहे तिथे बऱ्याचदा पंचेचाळीस दिवस शाळा आणि पंधरा दिवस सुट्टी असा फेरा चालतो. शाळेचे एकूण दिवस साधारण तेवढेच, १८०च्या आसपास. सुट्टी कमी होत नाही, तुकड्या होऊन वर्षभर पसरते. अनेक ठिकाणी तर वर्गखोल्या पुरेनात म्हणून हे केलं. मुलांचे गट आळीपाळीने सुट्टीवर पाठवले की एका इमारतीत जास्त मुलं मावतात. इथे ‘बारमाही’ म्हणणाऱ्याच्या मनात मात्र मे महिन्यातही भरणारी शाळा असते.

विसरण्याचा मुद्दा खरा आहे, तो मी नाकारत नाही. ज्या घरात एकही पुस्तक नाही तिथलं पोर दीड महिन्यात जास्त विसरतं. त्याचं दुपारचं गरम जेवणही शाळेबरोबर बंद होतं. पण त्यासाठी वर्ग भरवायला नको, चूल पेटवायला हवी. सुप्रीम कोर्टाने २००४ मध्येच दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन द्यायला सांगितलं होतं. सकाळी आठला जेवण आणि गोष्टीच्या पुस्तकांची पेटी, एवढं गावोगाव चालवता येईल.

आता आमच्या घरातलं सांगतो. इथल्या मराठी घरांतली मुलं हिंदी शाळेत जातात, हिंदीत खेळतात, हिंदीत भांडतात. माझा पुतण्या नऊ वर्षांचा. एप्रिलपर्यंत त्याचं मराठी म्हणजे ‘काकू, मी खाना खाऊन घेतला’. मे उजाडला की सेंधव्यावरून बस, बिजासनचा घाट, आणि खाली धुळ्याला आजोळ. तिथे गच्चीवर कुरडया घालायच्या असतात. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पातेल्यात रटरटतो, आजी वाटीत गरम चीक घालून वर तेलाची धार सोडते, आणि पोरं खाऊन उठतात. मागच्या वर्षी हा वाटी तशीच ठेवून पळाला. आजी म्हणाली, ‘उष्टं कावळ्याला टाक, खरकटं मोरीत ठेव.’ त्याला दोन्ही एकच वाटत होतं, कारण हिंदीत दोन्ही ‘जूठा’. संध्याकाळपर्यंत तो मामेभावाच्या चुका काढत होता. ‘हे उष्टं नाही रे, खरकटं आहे!’

आमच्या मुलांची मराठी शाळा ती. वर्षातून एकदाच भरते आणि तिला सलग महिना लागतो. पंधरा-पंधरा दिवसांचे तुकडे केले तर जीभ वळायला लागते न लागते तोच परतीची बस. शिवाय धुळ्याच्या मामेभावंडांनाही तेव्हाच सुट्टी हवी. आमची आणि महाराष्ट्राची सुट्टी अजून मेमध्ये जुळते. ती गाठ सोडू नका.

पण ज्यांची शाळा खरोखर बुडते ती मुलं वेगळीच आहेत, आणि त्यांची मे महिन्यात बुडत नाही. दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी असते, तेव्हा वर्ग रिकामे होऊ लागतात. दिवाळीनंतर मनावर, कुक्षी, गंधवानीकडची भिल-भिलाला कुटुंबं गुजरातेत बांधकामावर आणि शेतांत मजुरीला जातात, पोरांना घेऊन. होळीच्या आधी भगोरियाच्या हाटाला गाव पुन्हा भरतं. ढोल, नवे कपडे, पानाचे विडे. आणि नेमक्या त्याच दिवसांत शाळेत परीक्षा. होळी झाली की बरेचजण पुन्हा निघतात, ते पाऊस दिसेपर्यंत. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडच्या मुलांचं हेच झालं, म्हणून महाराष्ट्रात साखरशाळा आणि हंगामी वसतिगृहं निघाली. अशा मुलासाठी १ एप्रिलचं नवं वर्ष कुणाच्या सोयीचं? मी पाहिलेल्या एका शाळेत एप्रिलमध्ये चाळीसांपैकी अकरा मुलं होती. हजेरी मात्र रोज घेतली जात होती.

शिक्षण हक्क कायदा दिवस मोजतो. पाचवीपर्यंत वर्षाला २००, सहावी ते आठवी २२०. ते कोणते असावेत हे तो ठरवत नाही. उलट शाळेचं वार्षिक वेळापत्रक ठरवणं हे त्याच कायद्याच्या नवव्या कलमात स्थानिक प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलंय. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश देणंही त्याच यादीत आहे. म्हणजे अधिकार आहे, वापरायचा कुणी ते ठरत नाही.

तर मेची सुट्टी राहू द्या. एप्रिलचे दिवस जूनच्या अखेरीला आणि पावसाळ्यात घाला, जेव्हा पोरं गावात असतात. भगोरियाचा आठवडा मोकळा सोडा आणि परीक्षा त्याच्या आधी किंवा नंतर घ्या. जी मुलं मागे राहू शकतात त्यांच्यासाठी दिवाळीपासून वसतिगृह उघडा. तारखा ठरवायला शाळा समितीत पालकांना बसवा. ही बैठक दिवाळीच्या आधी घ्या. नंतर ते गावात नसतील.